‘आज नाही’चा महिना

अरिझोनातलं ‘क्वीन ऑफ द नाइट’ हे रात्री उमलणारं निवडुंगाचं फूल बघायचं असेल तर जूनमध्ये टुसॉन शहर सोडून कुठेही जाऊ नका. मी एका दिवसासाठी फिनिक्सला गेले आणि नेमका त्याच दुपारी, ही झाडं असलेल्या टुसॉनच्या बागेचा ईमेल आला: आज रात्री.

त्याआधी तीन आठवडे मी त्या बागेला रोज फोन लावत होते. पलीकडची बाई दर वेळी तितक्याच गोडीने सांगायची, ‘आज नाही, कळ्या अजून लहान आहेत.’ अहो, लहान म्हणजे किती? उद्या की पुढच्या आठवड्यात? तारीख विचारली की नुसतं हसायची. शेवटी वैतागून मीच गेले झाडं बघायला. बघायला कसली, शोधायला! क्रिओसोटच्या झुडपात अडकलेल्या बारीक, राखाडी, वाळक्या काड्या. सरपण म्हणून कुणीही मोडून नेईल अशा. सगळा जीव जमिनीखालच्या कंदात, पाण्याचा साठाही तिथेच. एका काडीला मात्र लांब मानेची कळी लोंबत होती, घट्ट मिटलेली. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. राग तरीही गेला नाही.

सगळं एकाच रात्रीवर का अडतं, त्याचं कारण तिथल्या माळ्याने सांगितलं. या निवडुंगाला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचेच लागतात. फूल टिकतं एक रात्र. म्हणून आसपासची बरीच झाडं एकाच रात्री उमलतात. सागुआरो या उंच निवडुंगाच्या फुलाचं त्या मानाने बरं. तेही रात्री उघडतं, पण दुसऱ्या दुपारपर्यंत थांबतं, त्यामुळे वटवाघळांनंतर मधमाश्यांचंही भागतं.

हो, बूट घोट्याच्या वर येणारे घाला, उन्हाळ्यात विषारी रॅटलस्नेक साप जास्त करून रात्री बाहेर पडतात. आणि अत्तर लावू नका. मी लावलं होतं, पहिली दहा मिनिटं स्वतःचाच वास घेत बसले.

उरलेल्या कळ्या जुलैच्या सुरुवातीला फुलल्या. या वेळी मी गावातच होते. अंधार पडल्यावर पाकळ्या थोड्या थरथरल्या, मग एकेक मागे वळली. वीतभर लांब नळी, तिच्या टोकाला पांढरंशुभ्र फूल, आणि वास इतका गोड की घशात उतरला. एक हॉकमॉथ पतंग हवेतच थांबून सोंड आत घालून गेला.

सकाळी परत गेले तर फूल ओल्या रुमालासारखं लटकत होतं. तेवढ्यात फोनवर बागेचा ईमेल आला: काल रात्री फुललं.