टेबल वाचण्यापेक्षा कर्नलला विचारलेलं बरं

मंगळवार

लिनक्सवर राउटिंग शिकते आहे, म्हणजे पॅकेट, डेटाचा छोटा तुकडा, कोणत्या वाटेने पाठवायचं हे यंत्र कसं ठरवतं ते. खिडक्या-बटणांच्या सेटिंगमधून ते कळत नाही. तिथे गेटवेची, म्हणजे बाहेर नेणाऱ्या दाराच्या पत्त्याची, एक चौकट असते, तीत आकडा भरला की काम झालं. पॅकेट याच दाराने का गेलं, त्या दाराने का नाही, हे सांगायला तिथे कुणी बसलेलं नसतं. म्हणून टर्मिनल उघडलं, ‘आयपी राउट’ एवढंच टाइप केलं आणि उमटलेल्या ओळी शब्दाशब्दाने वाचायला घेतल्या.

जुन्या माहितीत अजून ‘राउट’ आणि ‘आयएफकॉन्फिग’ या कमांड भेटतात. त्यांच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलंय. लिनक्समध्ये राउटिंगची टेबलं, म्हणजे वाटांच्या याद्या, अनेक असू शकतात आणि जुनी ‘राउट’ कमांड त्यातलं फक्त मुख्य टेबल दाखवते. अर्धवट दाखवणाऱ्या हत्यारावर हात बसवण्यात काय अर्थ आहे?

माझ्या लॅपटॉपवर डिफॉल्ट राउट (दुसरी कुठलीच वाट जुळली नाही तर वापरायची वाट) दोन निघाले, एक वायरचा आणि एक वाय-फायचा. वायरच्या ओळीत मेट्रिक १००, वाय-फायच्या ओळीत ६००. हे आकडे नेटवर्कमॅनेजर, जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम, स्वतःच घालतो. पत्त्यांचा पट्टा तोच असेल तर कमी मेट्रिकवाला जिंकतो, म्हणून वायर खोचली की रहदारी आपोआप तिकडे वळते. गेली कित्येक वर्षं हे समोर घडत होतं आणि मी ते गृहीत धरून चालले होते.

गुरुवार

आजचा दिवस एकाच नियमाचा. टेबलातल्या ओळी वरून खाली तपासल्या जात नाहीत. फायरवॉलचे नियम तसे चालतात, त्यामुळे डोळ्यांना तीच सवय असते. राउटिंगमध्ये क्रमाला काडीचीही किंमत नाही. पत्त्याशी सर्वांत लांबवर जुळणारी ओळ लागू होते. तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते: /२४ असेल तर /१६ मागे पडते, आणि /० म्हणजे डिफॉल्ट, कुणीच जुळलं नाही तर उरणारा. मेट्रिकचा विचारही त्यानंतर.

व्हीपीएनची, म्हणजे रहदारी दूरच्या सर्व्हरकडे बंद बोगद्यातून नेणाऱ्या जोडणीची, एक खुबी या नियमातूनच उलगडली. ओपनव्हीपीएन सगळी रहदारी बोगद्यात घालू शकतं, पण त्यासाठी मूळ डिफॉल्टला हात लावायची गरज पडत नाही. ते दोन राउट घालतं, ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१. दोन्ही मिळून आयपीव्ही४चं सगळं आकाश झाकलं जातं, आणि /१ हा /०पेक्षा लांब असल्याने डिफॉल्ट जागेवर असूनही निरुपयोगी ठरतो. बोगदा बंद झाला की हे दोन निघून जातात आणि जुनी वाट जशीच्या तशी हजर. सोबत व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्याचा एक /३२ राउट जुन्या गेटवेकडे ठेवावा लागतो, नाहीतर बोगद्याची स्वतःची पॅकेटंच बोगद्यात शिरू पाहतील. हे ज्याला सुचलं त्याला मनापासून नमस्कार.

हाच नियम इंटरनेटच्या पातळीवर केवढा महागात पडू शकतो! यूट्यूबचा पट्टा होता २०८.६५.१५२.०/२२. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती बंदी घालण्यासाठी त्यातला २०८.६५.१५३.०/२४ हा तुकडा आपल्याकडे वळवला. ‘हा तुकडा माझ्याकडे’ ही राउटरांमधली घोषणा देशाबाहेर निसटली, आणि /२४ हा /२२पेक्षा लांब म्हणून जगभरचे राउटर तिकडे झुकले. यूट्यूबनेही मग /२४ आणि त्याहून बारीक /२५ तुकडे जाहीर केले. नियमाला नियमानेच उत्तर.

टेबल डोळ्यांनी वाचून उत्तर काढणं मात्र आजपासून बंद. ‘आयपी राउट गेट’ आणि पुढे पत्ता दिला की कर्नल, लिनक्सचा गाभा, स्वतः सांगतो: गेटवे कोणता, इंटरफेस (जोडणीचं टोक) कोणता आणि स्वतःचा कोणता पत्ता लावून पॅकेट पाठवणार. या शेवटच्या गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण यंत्राला दोन-तीन पत्ते असले की घोळ तिथेच दडलेला असतो.

शनिवार

चालू नेटवर्कवर प्रयोग करायला मन धजत नव्हतं. नेटवर्क नेमस्पेसमुळे ती भीती गेली. ‘आयपी नेटएनएस अ‍ॅड’ म्हटलं की त्याच यंत्रात एक कोरं नेटवर्क मिळतं: स्वतःचे इंटरफेस, स्वतःचं रिकामं टेबल, लूपबॅकसुद्धा (यंत्राने स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) झोपलेला. अशी तीन केली. डावीकडे १०.०.१.२, उजवीकडे १०.०.२.२, मध्ये दोन्हीकडे पाय ठेवून राउटर. जोडायला व्हीइथ जोड्या, म्हणजे एका टोकाला घातलेलं दुसऱ्या टोकाला निघतं अशी आभासी केबल.

डाव्याला डिफॉल्ट राउट दिला आणि मधल्यात आयपी फॉरवर्डिंग चालू केलं. ते बंद असेल तर मधलं यंत्र दुसऱ्याचं पॅकेट पुढे न देता गुपचूप टाकून देतं. उजव्याला मुद्दाम काहीच दिलं नाही. डावीकडून पिंग, म्हणजे उत्तर येतं का पाहणारी हाक, लावलं: उत्तर शून्य. उजवीकडे टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं हत्यार) लावला तर पिंग व्यवस्थित येऊन पोहोचत होतं! जाण्याची वाट पूर्ण होती, परतीची नव्हती. उजव्या यंत्राला १०.०.१.० नावाचं काही जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. तिथे एक ओळ घातली आणि उत्तरं येऊ लागली.

यापुढे ‘पिंग जात नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारणार, जात नाही की येत नाही?

गेटवे म्हणून दूरचा पत्ता देऊन पाहिला तर ‘नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे’ असं झापलं गेलं. बरोबरच आहे, गेटवे थेट जोडलेल्या पट्ट्यात असायला हवा. गेटवेपर्यंत जायलाच आणखी एक गेटवे लागला तर कसं व्हायचं?

रविवार

‘आयपी रूल’ नुसतं चाळलं. टेबलांच्याही आधी नियम बघितले जातात, लहान क्रमांकाचा आधी, आणि कोणतं टेबल वापरायचं ते नियम सांगतो: ० वर लोकल, ३२७६६ वर मेन, ३२७६७ वर डिफॉल्ट. दोन इंटरनेट जोडण्या असतील तर ज्या जोडणीने विनंती आली तिच्यानेच उत्तर पाठवायला इथे स्रोत पत्त्यावरून नियम घालतात आणि त्याला वेगळं टेबल देतात. पुन्हा परतीचीच वाट.

दूरच्या सर्व्हरवर हात घालण्याआधी एक युक्ती टिपून ठेवते. ‘आयपी’ कमांडने केलेले बदल रीबूटनंतर टिकत नाहीत. तेव्हा ‘शटडाउन’ने दहा मिनिटांनंतरचं रीबूट आधी लावून ठेवायचं आणि मगच राउट बदलायचा. जोडणी टिकली तर रीबूट रद्द करायचं. तुटली तर यंत्र स्वतःच जुन्या वाटेवर येईल. बदल कायमचा हवा असेल तर तो नेटवर्कच्या फाइलीत वेगळा लिहायचा, पण तो सगळ्यात शेवटी.

आयपीव्ही६चं, म्हणजे नव्या लांब पत्त्यांचं, टेबल उघडून लगेच मिटलं. तिथला गेटवे एफई८०पासून सुरू होतो आणि डिफॉल्ट राउट राउटर स्वतःच जाहीर करतो म्हणे. पुढच्या आठवड्यात त्याच तीन नेमस्पेसमध्ये.