'इबिदेम' म्हणजे नेमके कुठे?

वनस्पतींच्या जुन्या नमुन्यांसोबत जी लेबले असतात, त्यांत काही लॅटिन शब्द स्वतः काहीच माहिती देत नाहीत, ते केवळ दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवतात. 'इदेम' म्हणजे तोच, 'इबिदेम' म्हणजे त्याच ठिकाणी, 'एओदेम दिए' म्हणजे त्याच दिवशी. लिहिणाऱ्याच्या समोर आधीचे लेबल असते, त्यामुळे त्याचे काम एवढ्यावर भागते. पुढे कोणी कागदांचा क्रम बदलला, तर मात्र या शब्दांना काही अर्थ उरत नाही. गोव्यातल्या एका महाविद्यालयाचे हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, मी सांभाळते, आणि गेल्या पावसाळ्यात हीच अडचण घेऊन एक गठ्ठा माझ्या टेबलावर आला.

गठ्ठा मडगावच्या एका जुन्या घरातला होता. पोर्तुगीज राजवटीत पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेल्या आणि पेशाने शिक्षक असलेल्या एका गृहस्थांनी हौसेने वनस्पती जमवल्या होत्या. नमुने जाड कागदावर चिकटवलेले नव्हते. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाची घडी, तिच्या आत वाळलेले रोप आणि सोबत बारीक अक्षरातली लेबलाची चिठ्ठी, असे त्यांचे स्वरूप होते. लेबले जवळजवळ पूर्ण लॅटिनमध्ये होती. खरे तर त्याची गरज नव्हती. नव्या वनस्पतीचे नाव वैध ठरण्यासाठी तिचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याची अट १ जानेवारी १९३५ पासून होती आणि २०१२ च्या आरंभापासून लॅटिनऐवजी इंग्रजीही चालू लागली, परंतु ती अट नव्या जातीच्या प्रसिद्धीपुरती होती, घरातल्या लेबलांना ती कधीच लागू नव्हती. या गृहस्थांना मात्र वनस्पतिशास्त्र करायचे तर ते लॅटिनमध्येच, असे वाटत असावे, आणि शिक्षकी पेशातल्या माणसाचा हा हट्ट मला समजू शकतो.

संगणकात नोंदी भरण्याचे काम आमची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी करीत होती. तिने संग्राहकाच्या रकान्यात वारंवार 'एस. एन.' लिहिलेले पाहून मी तिच्याजवळ बसले. 'एस. एन.' ही कोणाच्या नावाची आद्याक्षरे नव्हेत. ते 'सिने नुमेरो', म्हणजे संग्राहकाने नमुन्याला क्रमांक दिलेला नाही, याचे संक्षिप्त रूप आहे. 'लेग.' म्हणजे 'लेगित', त्याने गोळा केले, 'देत.' म्हणजे 'देतेर्मिनाव्हित', त्याने ओळख ठरवली. ही दोन कामे बहुधा वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या वर्षी करतात, म्हणून लेबलावर ती वेगळी ठेवण्याची शिस्त आहे. "मॅडम, आता लॅटिन सक्तीचे राहिले नाही ना?" असे तिने विचारले, आणि तिचे म्हणणे खरे होते. पण नियम बदलला म्हणून कपाटातले कागद बदलत नाहीत, हे तिला पुढच्या तासाभरात माझ्या सांगण्यापेक्षा त्या कागदांनीच अधिक चांगले पटवून दिले.

एका संशोधकाने आमच्याकडे सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट खडकाळ माळांवरच्या, 'एरिओकॉलॉन'चे, म्हणजे ज्याला मराठीत गेंद म्हणतात त्या वनस्पतीचे जुने नमुने मागितले होते. या प्रजातीतल्या जाती डोळ्यांनी पाहून ओळखणे अवघड असते. बियांचे कवच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते आणि नमुना कुठला, हेही ठाऊक असावे लागते. गठ्ठ्यात गेंद होता आणि बियाही शाबूत होत्या. लेबलावर मात्र एवढेच होते: 'इबिद., एओद. दिए, लेग. नेपोस, देत. आवुन्कुलुस, एस. एन.' त्याच ठिकाणी, त्याच दिवशी. कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या दिवशी, हे आधीच्या लेबलावर असणार. पण गठ्ठा आमच्याकडे येण्यापूर्वीच कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळे नमुने नावांच्या वर्णानुक्रमाने लावून टाकले होते. गेंदाच्या अगोदरचे लेबल एका अंजनाच्या फांदीचे निघाले, आणि ती एप्रिलमध्ये तोडलेली होती. कोकणातल्या सड्यावर एप्रिलात गेंद फुलत नाही; तेव्हा तिथे तापलेल्या दगडावर पाय ठेववत नाही.

मूळ क्रम परत मिळवायचा तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून वर्तमानपत्राकडे पाहावे लागणार होते. नमुने बहुतेक 'ओ एराल्दो'च्या पानांत होते. पणजीहून १९०० पासून निघणारे हे पोर्तुगीज दैनिक त्या काळी अनेक घरांत येत असे, आणि मोठे पान मधोमध फाडून त्याच्या दोन घड्या करण्याची या गृहस्थांची पद्धत होती. पट्टीने कापलेले असते, तर आमच्या हाती काही लागले नसते. हाताने फाडलेली कड मात्र सहसा आपल्याच दुसऱ्या अर्ध्या पानाशी जुळते, इतर कोणाशी नाही. आम्ही गेंदाची घडी मोठ्या टेबलावर उघडली आणि तशाच पिवळटपणाच्या घड्या एकेक करून तिच्या कडेला लावत गेलो. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर एक कड जुळली, आणि तिच्याबरोबर बातमीची अर्धवट तुटलेली वाक्येही जुळली. ती घडी 'युट्रिक्युलारिया'ची होती, आपल्याकडे जिला सीतेची आसवे म्हणतात तिची. 'युट्रिक्युलस' म्हणजे कातड्याची लहान पिशवी. या वनस्पतीच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात, म्हणून हे नाव. तिच्या चिठ्ठीवर सगळे काही होते: 'इन प्लानीतिए लातेरितिका प्रोपे वेर्णा, लोकिस हुमिदिस', म्हणजे वेर्ण्याजवळच्या जांभ्याच्या सड्यावर, ओलसर जागी, सप्टेंबर १९५६. महिना रोमन आकड्यात होता. वनस्पतिशास्त्रात ही जुनी चाल आहे आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यामुळे दिवस कोणता आणि महिना कोणता, हा घोळ कधीच होत नाही.

त्या लेबलातला 'लातेरितिका' हा शब्द आपल्या भूमीचाच आहे, असे मी विद्यार्थिनीला सांगितले, आणि ते फारसे चुकीचे नाही. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात अंगाडीपुरमजवळ लोक हा दगड ओला असताना विटांसारखा कापून काढतात, हे पाहिले आणि १८०७ मध्ये लॅटिन 'लातेर', म्हणजे वीट, यावरून 'लॅटेराइट' हे नाव दिले. गोव्यात त्याच दगडाचे चिरे काढून घरे बांधतात.

कडा जुळल्या, याचा अर्थ दोन्ही घड्या एकाच वेळी वापरल्या, एवढाच होतो. 'त्याच ठिकाणी' हे शब्द याच चिठ्ठीला उद्देशून लिहिले आहेत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मधे आणखी एखादा कागद असू शकला असता. ती शंका किड्यांनी दूर केली. कागदात भोक पाडणारा किडा अनेकदा एका कागदातून थेट त्याला लागलेल्या कागदात जातो, आणि युट्रिक्युलारियाच्या घडीतून बाहेर पडलेली तीन भोके गेंदाच्या घडीत त्याच अंतरावर आणि त्याच आकारात शिरत होती. किड्यांचा उपद्रव झाला तेव्हा हे दोन कागद एकमेकांना चिकटून होते. हर्बेरियमच्या कामात किड्यांचे आभार मानण्याची वेळ क्वचितच येते.

ठिकाण मिळाले, आता संग्राहक राहिला. विद्यार्थिनीने 'नेपोस' हे कोणा पोर्तुगीज माणसाचे आडनाव समजून भरले होते. हा शब्द लॅटिनमध्ये मुळात नातवासाठी आहे आणि पुढे तो भावाबहिणींच्या मुलांसाठीही वापरला गेला, म्हणजे नातू, पुतण्या आणि भाचा हे तिघेही त्यात बसतात. पण शेजारचा 'आवुन्कुलुस' असा मोघम नाही. लॅटिनमध्ये वडिलांचा भाऊ 'पात्रूउस' आणि आईचा भाऊ 'आवुन्कुलुस' असा काटेकोर भेद आहे. इंग्रजीत तो पुसला गेला, मराठीत मात्र काका आणि मामा अजूनही वेगळे आहेत. तेव्हा लेबल असे वाचायचे: गोळा केले भाच्याने, ओळखले मामाने. आणि गठ्ठा आणून देणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी पावतीवर सही करताना "हे माझ्या मामांचे" असे सांगितलेले मला चांगले आठवत होते.

मी त्यांना फोन केला. संध्याकाळी ते मुलाच्या गाडीतून आले. आपले नाव, निदान आपले नाते, एका वैज्ञानिक लेबलावर लिहिलेले आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी गेंदाची घडी त्यांच्यासमोर ठेवली आणि "काका, हे तुम्ही तोडलेले फूल" असे म्हटले, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग स्पष्ट शब्दांत नाकारले. त्यांना फूल मुळीच आठवत नव्हते. आठवत होता तो पाऊस. "म्हजो मामा म्हाका सत्री धरून उबो करतालो," असे ते म्हणाले. मामा चिखलात गुडघे टेकून रोपे उपटायचे आणि हा शाळकरी पोर त्यांच्या कागदांवर छत्री धरून उभा राहायचा. वेर्ण्याला एक मावशी राहत असे आणि तिच्याकडे जाताना सडा ओलांडावा लागे, एवढे त्यांना पक्के आठवत होते. साल सांगता येत नव्हते. आता तिथे औद्योगिक वसाहत उभी आहे, असेही त्यांनी सांगितले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मामाचेच नाव घाला, बाई. मी काही तोडले नाही."

या विनंतीला मला नकार द्यावा लागला. मूळ लेबलावरचे अक्षर आम्ही खोडत नाही आणि त्यात भरही घालत नाही. जे नवे कळते ते वेगळ्या चिठ्ठीवर, तारीख आणि सहीसह, नमुन्याशेजारी जोडतो. मामांनी भाच्याला संग्राहक म्हटले असेल, तर संग्राहकाच्या रकान्यात भाचाच राहील, मग त्या दिवशी त्याने छत्री धरलेली असो की खुरपे. त्यांना हे फारसे पटले नाही, पण त्यांच्या मुलाला मनापासून आवडले आणि त्याने लेबलाचा फोटो काढून घेतला.

नोंद आम्ही त्याच संध्याकाळी पूर्ण केली. मूळ मजकुराच्या रकान्यात 'इबिद., एओद. दिए' हे शब्द जसेच्या तसे ठेवले. ठिकाणाच्या रकान्यात वेर्णे सडा, सप्टेंबर १९५६, असे चौकटी कंसात घातले, कारण ते लेबलाचे नव्हे, आमचे अनुमान आहे. संग्राहक म्हणून काकांचे पूर्ण नाव आले आणि छत्रीची हकिकत जोडचिठ्ठीवर त्यांच्या साक्षीदाखल लिहिली गेली. क्रमांकाच्या रकान्यात विद्यार्थिनीने या वेळी न विचारता 'एस. एन.' भरले. गठ्ठ्यात 'इबिदेम' लिहिलेले आणखी काही नमुने आहेत. त्यांतल्या काहींच्या कडा जुळतील, आणि ज्यांच्या जुळणार नाहीत त्यांचे ठिकाण रिकामेच ठेवायचे, असे आमचे ठरले आहे.