बूस्ट वाढवायचा सोडून क्रँक का बदललात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी मंडळींत गाड्यांच्या धंद्यातले बरेच आहेत, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतही हा प्रश्न नेमका येतो. टर्बोच्या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवला की ताकद मिळते, मग सगळं इंजिन उघडून क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा) बदलायचा आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) वाढवायचा खटाटोप कशासाठी?

गाडी पोर्शे ९४४ टर्बो. १९८५ साली आलेली, चार सिलिंडर, २४७९ सीसी, २२० हॉर्सपॉवर. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळपास सारखं. वळणावर इतकी भरवशाची गाडी मी दुसरी चालवलेली नाही.

बूस्टने ताकद मिळते, हे खरं आहे. पण ती वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) मिळते आणि मला हवा होता खालचा पिकअप. या गाडीत तीन हजारांच्या खाली फारसं काही घडत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते, फक्त ८:१, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत ते एक साधं, जरा मंदच इंजिन असतं. जो दाब अजून तयारच झालेला नाही, तो बूस्टचा कंट्रोलर फिरवून वाढणार कसा? शिवाय बूस्टला पेट्रोलची मर्यादा आहे. दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला काही अंशीच थंड करतो. पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर एका टप्प्यानंतर नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून बसणारे ठोके) सुरू होतं, इग्निशन मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते आणि वाढवलेल्या दाबातून हाती फार काही उरत नाही.

स्ट्रोक वाढवला की दर फेरीला जास्त हवा आत जाते. माझ्या इंजिनात ती साडेअकरा टक्क्यांनी वाढली. २५०० आरपीएमला आता जेवढी हवा ओढली जाते, तेवढी ओढायला आधी जवळपास २८०० लागायचे. एक्झॉस्टही त्याच प्रमाणात जास्त, म्हणून त्यावर फिरणारं टर्बोचं टर्बाइन लवकर वेग घेतं. हे दोन्ही फायदे नेमके तिथे मिळतात, जिथे बूस्ट पोचत नाही.

एक गैरसमज मात्र चांगल्या इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकतो. क्रँकचा हात लांब झाला, सायकलच्या लांब पेडलसारखा, म्हणून टॉर्क वाढला, असं ते म्हणतात. हिशोब करून पाहा. सीसी तेवढीच ठेवून स्ट्रोक वाढवायचा तर बोअर (सिलिंडरचा व्यास) कमी करावा लागतो. पिस्टनचं क्षेत्रफळ घटतं आणि त्यावर येणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो. हात लांब, जोर कमी, गुणाकार तोच. टॉर्क वाढतो तो जास्तीच्या हवेमुळे.

क्रँक पोर्शेच्याच घरातला आहे. ९४४ एस२ मध्ये कंपनीने बोअर १०४ आणि स्ट्रोक ८८ मिलिमीटर करून हेच इंजिन तीन लिटरचं केलं. टर्बोचा मूळ स्ट्रोक ७८.९. मी बोअर १०० च ठेवला आणि ८८ चा क्रँक घेतला, म्हणजे २७६५ सीसी. कंपनीनेही हा रस्ता धरला होताच. १९९३ च्या ९६८ टर्बो एस मध्ये, मोजक्याच बनलेल्या त्या गाडीत, तीन लिटरला टर्बो लावून ५०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळवला होता, तोही ३००० आरपीएमला. आमच्या जुन्या टर्बोचा ३३० होता, ३५०० ला.

हा क्रँक फोर्ज केलेल्या पोलादाचा. मी पुण्याचा, मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये क्रँक घडवतात हे ऐकतच वाढलो. घडवताना पोलादाचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात, म्हणून ओतीव क्रँकपेक्षा तो जास्त मार सोसतो. तो हातात घेतला की अजूनही छान वाटतं.

खरी गंमत पुढच्या भूमितीत आहे. स्ट्रोक ९.१ मिलिमीटरने वाढला, म्हणजे पिस्टन वर ४.५५ जास्त चढणार आणि खाली ४.५५ जास्त उतरणार. पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड तोच, १५० मिलिमीटरचा. मग वर गेलेला पिस्टन हेडवर (सिलिंडरच्या झाकणावर) आपटू नये म्हणून गजन पिनची (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनची) जागा पिस्टनमध्ये ४.५५ मिलिमीटर वर सरकवायची. पिन वर गेली की रिंगांना जागा कमी पडते. रॉड आखूड केला तर पिनला जागा मिळेल, पण तो जास्त तिरका होऊन पिस्टनला भिंतीवर रेटेल. त्यातच कॉम्प्रेशन. आधी दर सिलिंडरला ६२० सीसी हवा साधारण ८८ सीसीच्या जागेत दाबली जायची, म्हणून ८:१. आता ६९१ सीसी आहे. जागा तेवढीच ठेवली तर कॉम्प्रेशन ८.८ होतं आणि नॉकिंगची जी भीती टाळायची होती तीच परत येते. म्हणून पिस्टनच्या माथ्यावरची वाटी सुमारे १० सीसीने खोल करून घेतली. एक आकडा हलवला की बाकीचे सगळे हलतात. हा हिशोब जुळवण्यात मला जो आनंद मिळतो, तो बूस्टचा स्क्रू फिरवण्यात नाही.

याची किंमत आरपीएममध्ये मोजावी लागते. ६५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.१ मीटर होता, तो १९.१ होतो. वरच्या टोकाला रॉडवर येणारा ताण त्याच आरपीएमला १४ टक्के वाढतो. चार सिलिंडरची जी दुय्यम थरथर असते, ती पिस्टनचं वजन तेच धरलं तरी २४ टक्क्यांनी वाढते. पोर्शेने ती मारायला मित्सुबिशीकडून परवाना घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले होते, क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरणारे. रेसवाले ते काढून टाकतात. मी ठेवले. रेव्ह लिमिट ६००० वर आणली, बूस्ट कारखान्याच्या आसपासच ठेवला.

ब्लॉकमध्ये सिलिंडरला आतून वेगळी नळी, म्हणजे स्लीव्ह, नाही. ॲल्युमिनियममध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉन असतं आणि रिंग त्या सिलिकॉनच्या कणांवर घासत चालते. मूळ पिस्टनला त्यासाठी लोखंडाचा मुलामा असतो. बाजारातला साधा फोर्ज्ड पिस्टन तसाच घातला तर भिंती खराब होतात. मी मुलामा असलेलेच पिस्टन करून घेतले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तुम्हीही हे करावं का? नीट चालणारं इंजिन यासाठी उघडू नका. बेअरिंग गेल्यामुळे उघडावंच लागलं, तर मशीन शॉपचा बराच खर्च तसाही होणार असतो. तेव्हा ८८ चा क्रँक शोधा. बसवल्यावर हाताने पूर्ण फेरी फिरवा आणि रॉडचे बोल्ट ब्लॉकला कुठे घासतात का ते पाहा. पिस्टनची ऑर्डर देण्याआधी हेडमधल्या चेंबरची जागा ब्युरेटने तेल सोडून स्वतः मोजा. हेड पूर्वी कधी प्लेन केलेलं (घासून सपाट केलेलं) असेल, तर पुस्तकातल्या आकड्यातले एखाद-दोन सीसी तिथेच गेलेले असतात.