ताटात नसलेलं वचन

31 डिसेंबरच्या रात्री वॉचनाईट उपासना संपत आली की आमच्या चर्चच्या मंडळीत एक ताट फिरतं. पूर्वी त्यात कागदाच्या गुंडाळ्या असत, आता रंगीत छापील कार्डं असतात. डोळे मिटून एक उचलायचं. त्यावर पवित्र शास्त्रातलं जे वचन निघेल ते आपलं वर्षाचं वचन. मग बारा वाजतात, घंटा होते, एकमेकांना सलाम होतात आणि केक तोंडात असतानाच चौकशी सुरू होते, ‘तुला काय निघालं?’ आमच्या ओळखीतल्या एका काकूंना ‘भिऊ नको’ हेच वचन इतक्यांदा निघालंय, की नवीन वर्ष सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या पोटात गोळा येतो. एवढं सारखं सांगतोय म्हणजे काहीतरी असणारच!

कार्ड घरी येतं आणि फ्रीजवर किंवा आरशाच्या कोपऱ्यात विराजमान होतं. दिवाणखान्यात त्याची मोठी भावंडं आधीपासूनच टांगलेली असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ तर जवळजवळ प्रत्येक घरात. माझी याला काही हरकत नाही. मीही ताटात हात घालते, आणि छान वचन निघालं की मलाही बरं वाटतं. फक्त हे ताट भरतं कोण, आणि भरताना बाजूला काय काढून ठेवतं, याचं मला कुतूहल आहे. कारण सगळं गमावून बसलेला, आपण जन्मलो तो दिवसच पुसून टाक म्हणणारा शास्त्रातला ईयोब अजून कुणाच्या कार्डावर आल्याचं ऐकलं नाही. स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 तर नाहीच नाही. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं रडून-ओरडून झाल्यावर शेवटी का होईना, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ या वळणावर येतात. 88वं येत नाही. सुरुवातीची हाक मारून झाली की ते खाली खालीच जातं, आणि शेवटी अंधारात सोडून देतं. पुढे काही नाही. पान उलटा, 89वं सुरू.

ताटात हमखास असणारं एक वचन म्हणजे यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकातलं 29:11. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. दहावीचा निकाल, नवी नोकरी, लग्नपत्रिका, कुठेही चालतं. पण हे वाक्य एका पत्रातलं आहे. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून लिहिलेलं पत्र. आणि कार्डावर न छापलेली त्याच्या आधीची ओळ सांगते, की हे सगळं सत्तर वर्षांनी होईल. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मरण तिथेच, परक्या मुलखात. म्हणून यिर्मया त्यांना सांगतो, की घरं बांधा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात जाहीर करतो, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होणार. आज ताटासाठी वचनं निवडायला बसवलं तर आपण हनन्यालाच बसवू. लोकांना तो नक्की आवडला असणार. पण तो खोटा निघाला.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळ्याबरोबर एखादं वचनही न्यायची आपल्याकडे रीत आहे. ‘देव सोसण्यापलीकडे परीक्षा येऊ देत नाही.’ ‘ज्याच्यावर त्याची प्रीती, त्यालाच तो शिस्त लावतो.’ वाक्यं शास्त्रातलीच, वचनांशी माझं भांडण नाही. पण नुकतंच मूल गेलेल्या आईला हे ऐकवणाऱ्या माणसाला नेमकं काय म्हणायचं असतं? बहुधा काहीच नाही. शांतता असह्य झाली म्हणून तो काहीतरी बोलतो. ईयोबाच्या तीन मित्रांचंही असंच झालं. अलीफज, बिल्दद आणि सोफर आले, त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याशेजारी बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. इथेच ते उठून घरी गेले असते तर जगातले सर्वोत्तम मित्र म्हणून त्यांचं नाव राहिलं असतं. पण मग त्यांनी तोंड उघडलं. ईयोबाचं पुस्तक 42 अध्यायांचं होण्यात त्यांचा मोठा हात आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात एवढंच होतं, की तू काहीतरी केलं असशील. हे आपल्या इकडच्या कानांना अनोळखी नाही. शेजारीपाजारी असं झालं की गेल्या जन्मीचं काहीतरी निघतं. आम्हा ख्रिस्ती लोकांकडे गेला जन्म नसल्यामुळे आम्हाला सगळं याच जन्मात शोधावं लागतं. मग उपासनेला दांड्या मारल्या, दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, बुडवला, मुलीचं लग्न बाहेर केलं, असं काहीतरी सापडतंच. आणि चंगाईच्या, म्हणजे आजार बरे करण्याच्या, सभेत प्रार्थना करूनही गाठ विरघळली नाही तर शेवटचा ठेवणीतलं निदान, ‘विश्वास कमी पडला.’ हे मला सगळ्यांत क्रूर वाटतं. आधीच कर्करोग, वर नापास! प्रेषित पौलाच्या शरीरात कसलासा काटा होता. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत मात्र अजून कुठल्या व्यासपीठावरून झालेली मी ऐकली नाही.

येशूला हा प्रश्न थेट विचारला गेला होता. जन्मांध माणूस समोर होता आणि शिष्यांना कुतूहल होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? त्याने दोन्ही पर्याय खोडले. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले होते, त्यांच्याबद्दलही तो म्हणाला, ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं तुम्हाला? आता खरं सांगायचं तर, मग बुरूज का पडला हे त्याने तिथे सांगितलंच नाही. आपल्याला जे हवं असतं ते नेमकं तेच. त्याचा मित्र लाजर मेला तेव्हाही त्याने लाजरच्या बहिणीशी, मार्थेशी, पुनरुत्थानाच्या गोष्टी केल्या खऱ्या, पण कबरेपाशी जाताना तो रडला. दोन-चार मिनिटांत ज्याला उठवणार त्याच्यासाठी रडला. यावर मी बराच विचार केलाय आणि अजून माझं समाधान झालेलं नाही.

पुण्याहून सोलापूरला जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. तिथला मुक्ती मिशन हा निराधार बायका-मुलींचा आश्रम ज्यांनी उभा केला त्या पंडिता रमाबाईंच्या वाट्याला जे आलं, ते कुठल्याही ताटात मावणारं नव्हतं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भावाबरोबर उपाशीतापाशी चालत त्या कलकत्त्यापर्यंत पोचल्या. 1880मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न केलं, आणि 1882मध्ये नवराही गेला. हातात लहानगी लेक मनोरमा. 1883मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावर इकडे काय गदारोळ झाला ते सर्वांना ठाऊक आहे. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘बघा, म्हणूनच देवाने त्यांना दुष्काळातून नेलं,’ असं एका प्रवचनात ऐकलं तेव्हा मला बाकावर बसवेना. शेकडो मुलींचं भलं व्हावं म्हणून एका मुलीचे आईबाप उपाशी मारायचे? असा हिशेब देवाच्या नावावर मांडू नये. रमाबाईंनी दुःखाचं काय केलं ते मात्र दिसतं. त्या स्वस्थ बसल्या नाहीत आणि गप्पही बसल्या नाहीत. 1897मध्ये पुण्यात प्लेगचा कहर असताना, त्यांच्याकडच्या एका मुलीची सरकारी प्लेग-व्यवस्थेत जी हेळसांड झाली त्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. ‘देवाची इच्छा’ म्हणून त्यांना सहज सोडून देता आलं असतं.

उतारवयात त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. 1921च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती, मुक्तीचा भार पुढे तिनेच उचलायचा होता. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच, 5 एप्रिल 1922ला, रमाबाई गेल्या. या सगळ्या काळात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं काम त्या करत होत्या, आणि ते छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. अख्खं शास्त्र करायला घेतलेल्या माणसाला वेचक ओळी घेऊन भागत नाही. मेंढपाळाच्या स्तोत्राइतकंच 88व्यालाही बसावं लागतं, ईयोबाच्या शिव्याशापांनाही मराठी शब्द शोधावे लागतात. आईबाप, भाऊ, नवरा गमावलेल्या बाईने त्या ओळी लिहिताना काय वाटून घेतलं असेल, मला सांगता येणार नाही. ओळी गाळल्या नाहीत, एवढं दिसतं.

आमच्या मंडळीतल्या एक आजी मुलगा गेल्यावर दर रविवारी यायच्या, पण गायच्या नाहीत. गीताचं पुस्तक मांडीवर मिटलेलं. सगळे उभे राहिले तरी त्या बसून. कुणीतरी शहाणपणा करून विचारलं, तर म्हणाल्या, ‘माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे.’ मग येता कशाला? ‘त्याला दिसायला नको, मी रागावलेय ते?’ पाळकसाहेब भले होते, त्यांनी आजींना त्यांच्या जागी तशाच बसू दिलं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. विठोबाला जाब विचारणारी, त्याला वाट्टेल ते बोलणारी जनाबाई आपलीच. देवाशी कडाकडा भांडणारे तुकोबा आपलेच, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तर सांगत, की मी ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. ख्रिस्ती मंडळीसाठी त्यांनी भजनं रचली आणि कीर्तनं केली. मग भांडण तेवढं पुलापलीकडे का राहिलं असावं? स्तोत्र 88च्या मथळ्यात तर चक्क लिहिलंय, की हे मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे ते कुणी कोपऱ्यात बसून पुटपुटायचं नव्हतं, मंदिरात चारचौघांत साजावर म्हणायचं होतं.

येत्या शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ते अभंगाच्या चालीत बसवून म्हणावं, असं मी गायकमंडळाला सुचवलंय. पेटीवाले एका पायावर तयार आहेत, त्यांच्या डोक्यात चालसुद्धा आहे. टाळ चालतील की नाही यावर चर्चा सुरू आहे. एका वडीलधाऱ्यांनी एकच अट घातली, की शेवटी एखादं आनंदी कडवं जोडा, लोकांना असं अंधारात घरी पाठवू नका. मी म्हटलं, कडवं मूळ लिहिणाऱ्यालाच सुचलं नाही, आपण कुठून आणायचं? त्यावर ते म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. बैठक अजून व्हायची आहे.