शॅडोचे ब्रेक, हिवाळ्याआधी

ऑक्टोबर अखेर, शनिवार. बाहेर पाऊस.

गाडी हिवाळ्यासाठी गॅरेजात लावायची वेळ आली की हात आधी पॉलिशकडे जातो. १९७०च्या दशकातली रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो, वर्षानुवर्षं एकाच घरातली, सीटचं चामडं शाबूत, लाकडावर चरा नाही. छान. पण तिची खरी तब्येत ब्रेकवर कळते.

सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर घेतलेली ही ब्रेकची हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा. इंजिनाच्या माथ्यावरचे दोन पंप कॅमशाफ्टवर चालतात. चौरस इंचाला साधारण अडीच हजार पौंडांचा दाब ते दोन गोल ॲक्युम्युलेटरांत साठवतात. आत रबरी पडदा, पडद्यामागे नायट्रोजन. आजची तपासणी तीच: इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद केलं, इग्निशन चालू ठेवलं आणि पेडल पूर्ण दाबत-सोडत मोजत गेलं. ब्रेकचा दिवा तीस-चाळीस वेळा दाबल्यावर लागला तर चिंता नाही. पाच-दहातच लागला तर नायट्रोजन उतरलाय किंवा पडदा गेलाय.

ब्रेकचं तेल मात्र आरआर-३६३च, या गाड्यांसाठीचं खास. पंपाला लागणारं वंगण त्यात असतं, डॉट-३ या साध्या ब्रेक तेलात नसतं. हिरवं खनिज तेल शॅडोनंतर १९८०मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटचं. ते शॅडोत पडलं तर सगळी सीलं फुगतात, आणि मग पाइपापासून पंपापर्यंत सगळं उघडा. आरआर-३६३ हवेतलं पाणी शोषतं, गाडी उभी असतानाही. म्हणून 'कमी चाललीय, म्हणजे चांगली' हा हिशेब इथे फसतो. दर दोन वर्षांनी तेल बदललेलं नसेल तर आत गंज धरतो. रबरी होज, म्हणजे तेलाच्या लवचिक नळ्या, जुने झाले की आतून सुजतात. पेडल सोडलं तरी चाकावरचा दाब उतरत नाही, चाक घासत राहतं आणि डिस्क तापते. बाहेरून होज नवाकोरा दिसतो, हेच वाईट.

कुठलाही पाइप सोडवण्याआधी ॲक्युम्युलेटरच्या ब्लीड स्क्रूला नळी लावून दाब पूर्ण उतरवायचा. एवढ्या दाबाची पिचकारी कातडीत घुसते. इथे घाई नको. तेल बदलताना इंजिन चालू, पेडल हलकंच दाबलेलं. पेडल मारत बसायची गरज नाही, तेल आपणच धारेने येतं.

इंग्लंडात चाळीस वर्षांपुढच्या गाडीला, फार फेरफार केलेले नसतील तर, एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, माफ. सवलत कागदाची आहे, होजची नव्हे.

जाता जाता इंजिन ब्लॉकच्या बाजूची बारीक भोकं टॉर्चने पाहिली पाहिजेत. इंजिन ॲल्युमिनियमचं, सिलिंडरचे लायनर (आतली नळकांडी) पाण्यात बसलेले. खालची सीलं गेली की शीतक तिथून पाझरतं. अशी गाडी विकत घेताना भोकांवर रंग किंवा सीलंट फासलेलं दिसलं तर विकणाऱ्याशी पुढचं बोलणं किमतीचं नाही, इंजिन उतरवण्याचं.