काली-सरयूच्या संगमावर महासीर शोधताना

फिशिंगला गेलो म्हटलं की घरचे पहिलं विचारतात किती मिळाले, आणि पंचेश्वरला तर लागलेला महासीर मासा सोडूनच द्यायचा असतो, त्यामुळे एवढ्या लांब जाऊन नेमकं केलं काय हे त्यांना समजावणं अवघडच. उत्तराखंडात लोहाघाटहून साधारण ४० किमी खाली उतरलं की पंचेश्वर, इथे सरयू नदी येऊन काली नदीला मिळते, समोरचा काठ नेपाळचा. रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर पुढची सीट पकडा.

गाइडला सगळे दाज्यू (म्हणजे कुमाऊंनीत मोठा भाऊ) म्हणत होते म्हणून आम्हीपण. त्यांनी सकाळी रॉड दिलाच नाही, आधी पाण्यात हात घाला म्हणाले. कालीत घातला तर बोटं बधिर, तिचं पाणी वितळलेल्या बर्फाचं, राखाडी. सरयू हिमनदीतून निघत नाही, ती निवळ आणि त्या मानाने कोमट. दोन्ही पाणी एकत्र येतात तिथे बरंच लांबपर्यंत सरळ रेघ दिसते, त्या रेघेच्या उबदार बाजूला महासीर दबा धरून असतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो, असं दाज्यूंचं म्हणणं.

मग काठचा एक दगड उलटा केला. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे किडे सैरावैरा पळत होते, आणि वरच्या बाजूला शेवाळावर फिकट ओरखडे, ते असेल्याचे. हा गार पाण्यातला मासा खालच्या ओठाने दगड खरवडून खातो. गूंच हा मोठा मांजरमासा मात्र डोहाच्या तळाशी पडून असतो, तो आम्हाला काही दिसला नाही.

दुपारनंतर एक महासीर लागला, छोटाच, पण रीळ अशी काही फिरली की विचारू नका! दाज्यूंनी हात ओले करून त्याला पाण्यातच धरला, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग जखमा चिघळतात. जाड ओठ, सोनेरी खवले, आणि जबड्यात एकही दात नाही! दात घशात असतात, खेकडा तिथेच चुरडतो. हूकला उलटा काटा नव्हता, त्यामुळे लगेच सुटला आणि गेला.

पावसाळ्यात हेच मासे अंडी घालायला वर उपनद्यांत चढतात, म्हणून मध्ये धरणाची भिंत आली की संपलंच. (आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे म्हणून महासीर राखलेत, जात वेगळी, पण जरूर बघा.) भारत-नेपाळमधल्या १९९६ च्या महाकाली (म्हणजे हीच काली) करारातलं पंचेश्वर धरण या संगमाच्या थोडंसं खालीच प्रस्तावित आहे, ते झालं तर ती रेघ, ते खळाळ सगळं जलाशयात जाणार. त्यामुळे जायचं असेल तर उगाच पुढे ढकलू नका, मार्च ते मे किंवा पावसाळा सरल्यावर जा, आणि परमिट गाइडकडून आधीच काढून घ्या.