धुराड्याची ओढ : आमची वाटचाल

आम्ही मुळात वेल्डिंगवाले. गेट, ग्रिल, जिने, टाकीचे स्टँड यांत वर्षं गेली. लाकडावर चालणारी बंद शेगडी कुणीतरी पहिल्यांदा करून मागितली, तेव्हा मला ते काम एखादी भक्कम पेटी बनवण्याइतकं सोपं वाटलं. ६ मिमीची प्लेट, आतून भट्टीच्या विटा, काचेचं दार, दाराच्या खाचेत दोरीची गॅस्केट आणि वरून ६ इंची पाइप. फिटरकाकांनी जोड इतके साफ मारले होते की मी गिऱ्हाइकाला नेऊन देण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढून ठेवले.

तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला. "दादा, ही शेगडी घर गरम करायला दिलीय की आम्हाला धुरी द्यायला?"

गेलो. दाराची गॅस्केट बदलली. चार दिवसांनी पुन्हा गेलो, हवा आत घ्यायचं भोक मोठं केलं. मग शेगडी उचलून वर्कशॉपमध्ये आणली. तिथे ती मोकळ्या अंगणात भडाभडा पेटली, धुराचा मागमूस नाही. परत नेऊन लावली की संध्याकाळी हटकून धूर. सकाळी मात्र काही नाही. हे "संध्याकाळीच" आमच्या कानावरून तीनदा गेलं आणि तिन्ही वेळा आम्ही पुन्हा वेल्डिंगच तपासत बसलो!

चौथ्या खेपेला काका काहीच न करता बसून राहिले. संध्याकाळ झाली, बाई स्वयंपाकघरात गेल्या, एक्झॉस्ट फॅन सुरू झाला आणि दोन मिनिटांत शेगडीच्या दारातून धुराची जीभ बाहेर आली. काकांनी उठून फॅन बंद केला. धूर मुकाट्याने पाइपात गेला. पुन्हा सुरू केला, पुन्हा धूर खोलीत. खिडक्या-दारं घट्ट बंद. फॅन घरातली हवा बाहेर फेकतोय, तर तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. घराला उघडं राहिलेलं एकच भोक होतं, आमचं धुराडं. हवा तिथून खाली उतरत होती आणि धुराला सोबत आणत होती. शेजारची खिडकी चार बोटं उघडली आणि प्रश्न मिटला. आमचे मात्र तीन आठवडे गेले होते.

त्या संध्याकाळनंतर मी धुराड्याबद्दल वाचायला लागलो. धुराडं धूर वर ढकलत नाही. आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड. या वजनातल्या फरकामुळे जी ओढ तयार होते, तेवढ्यावर सगळा कारभार चालतो. बाहेर १० अंश सेल्सिअस असेल तर घनमीटरभर हवेचं वजन साधारण सव्वा किलो. धुराड्यात सरासरी २०० अंश असेल तर पाऊण किलो. ५ मीटर उंचीला यातून सुमारे २४ पास्कलची ओढ मिळते, तीही घर्षण आणि वळणं धरली नाहीत तर. धुराड्यातलं तापमान १०० अंशांवर घसरलं की ती १५ पास्कलच्या आसपास येते. पास्कल म्हणजे किती, हे मी आमच्या पोरांना कागद दाखवून सांगतो. छपाईचा साधा कागद टेबलावर पाऊण पास्कलचा भार टाकतो. युरोपात शेगड्यांची चाचणी १२ पास्कलच्या ओढीवर घेतात. म्हणजे पंधरा कागदांची चळत! एवढ्याशा ताकदीवर आपण घरभर माणसांचा जीव सोपवतो, आणि स्वयंपाकघरातला दणकट फॅन ती सहज हिरावून घेतो.

नंतर कळलं की यात आम्ही नवं काहीच शोधलं नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ मध्ये बोटीवरच्या प्रवासात एक लांबलचक पत्र लिहिलं, विषय धुरकट धुराडी. त्यात नऊ कारणं मोजून दिली आहेत आणि पहिलं हेच, की घर इतकं घट्ट बंद की धुराड्याला वर न्यायला हवाच मिळत नाही. त्याच फ्रँकलिनची १७४० च्या दशकातली शेगडी मात्र धूर आधी खाली वळवून मग वर न्यायची, आणि त्यामुळे ओढीच्या बाबतीत रडायची. हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढची दोन वर्षं आमच्या चुकांचीच होती. छपराला भोक पाडायचं टाळायला आम्ही पाइप भिंतीतून बाहेर काढायचो आणि बाहेरच्या बाजूने वर न्यायचो. दिसायला सुटसुटीत, पाणी गळायची भीती नाही. पण असा पाइप चहूबाजूंनी गारठतो. रात्रभर विझलेल्या शेगडीवर त्यात थंड हवेचा बोळा बसतो आणि सकाळी पेटवायला गेलं की तोच खाली घसरतो. हल्ली आम्ही पाइप होता होईतो घराच्या आतूनच वर नेतो आणि छपरापासून पुढे दुहेरी भिंतीचा, मध्ये इन्सुलेशन भरलेला वापरतो. जुन्या गिऱ्हाइकांना एक युक्ती शिकवली आहे. पेटवण्याआधी दारापाशी पेटती काडी धरा. ज्योत आत झुकली तर ठीक. बाहेर झुकली तर खिडकी उघडा, चुरगाळलेल्या कागदाचा एक बोळा शेगडीत वरच्या बाजूला, पाइपाच्या तोंडाजवळ पेटवा आणि ज्योत आत वळेपर्यंत लाकडाला हात लावू नका. लाकूडही उलटं रचा, जाड ओंडके खाली आणि चिपाट्या वर. आग वरून खाली उतरते, पाइप लवकर तापतो आणि सुरुवातीचा धूर बराच कमी होतो.

दुसरी चूक मापाची. एका जुन्या घरात विटांचं १२ बाय १२ इंचांचं धुराडं आयतं होतं. आम्ही आमचा ६ इंची पाइप त्याच्या तळाशी सोडून दिला. मोठ्ठं धुराडं, मग ओढही मोठी, असा हिशेब. ६ इंची पाइपाचं तोंड २८ चौरस इंच, त्या धुराड्याचं १४४. धूर त्यात शिरून पसरला, मंदावला, गार झाला आणि तिथेच भिंतींना चिकटत बसला. शेवटी वरपासून खालपर्यंत स्टीलचा ६ इंची लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत बसणारा पाइप, सोडावा लागला, पदरच्या पैशांनी.

उंचीचा नियम सोपा आहे, अमेरिकेत तो रूढ आहे आणि आम्हीही तोच पाळतो. छपरातून जिथे बाहेर येतो तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही २ फूट वर. नाहीतर छपराच्या कण्यावरून उलटलेला वारा पाइपात घुसतो. वळणं शक्यतो ४५ अंशांची. ९० अंशांचे एल्बो दोनाहून जास्त नकोतच.

पाइपाच्या जोडाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वेल्डरला पटत नाही. खालच्या तुकड्याचं तोंड वरच्याच्या बाहेर यावं की आत जावं? मला वाटायचं, धूर वर जातो, तेव्हा खालचा तुकडा वरच्यात खुपसावा, म्हणजे धूर फटीतून निसटणार नाही. पण ओढ चांगली असेल तर जोडातून धूर बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. खाली उतरतं ते डांबर. म्हणून वरच्या पाइपाचं चुणीदार तोंड खालच्याच्या आत जायला हवं, म्हणजे ओघळ आतल्या आत शेगडीत पडतो. आम्ही पहिले सात-आठ पाइप उलटे बसवले होते. एकेका घरी भिंतीवर काळे ओघळ दिसायला लागले, तेव्हा उमगलं. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू, हेही तेव्हापासून.

ते डांबर म्हणजे क्रिओसोट. ओलं लाकूड आणि दाबलेली आग यांचं अपत्य. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ५ किलो टाकलं तर अडीच लिटर पाणी आधी उकळायचं, मग उरलेल्या आचेवर घर तापवायचं. धूर गार आणि दमट निघतो, आणि पाइपाची भिंत साधारण १२० अंशांच्या खाली गेली की त्यातली डांबरी वाफ तिथे जमते. आधी भुसभुशीत काजळी, मग चिकट थर, शेवटी काचेसारखी काळी चकाकी. ही चकाकी ब्रशने निघत नाही.

आमच्या एका गिऱ्हाइकाला रात्रभर शेगडी पेटती ठेवायची सवय होती. झोपताना ओंडके भरायचे आणि हवेची झडप जवळजवळ बंद करायची. एका पहाटे त्यांना डोक्यावरून आगगाडी चालल्यासारखा आवाज आला. धुराड्याला आतून आग लागली होती. अशा आगीत तापमान १००० अंशांच्या वर जातं. नशीब, की त्यांनी शेगडीचं दार आणि हवा घट्ट बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. पाणी ओतलं नाही. तापलेल्या धुराड्यात पाणी पडलं की वाफेचा दणका बसतो आणि भिंती तडकतात. आम्ही दुपारी पोचलो. लायनरचे दोन जोड फाकले होते. मालक चिडले नव्हते, आणि तेच जास्त लागलं. "साफ करायचं असतं हे तुम्ही सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाले. खरंच सांगितलं नव्हतं.

साफसफाईचं काम आम्ही तिथून सुरू केलं. आज शेगड्यांपेक्षा तेच जास्त चालतं. वर्षातून एकदा तरी छपरावर चढतो, थर ३ मिमी झाला असेल तर ब्रश मारल्याशिवाय उतरत नाही. वरच्या टोपीची जाळी आधी बघतो, कारण ओढ नाही म्हणून आलेल्या निम्म्या फोनांमध्ये जाळीच तुंबलेली असते, नाहीतर पक्ष्याचं घरटं निघतं. लाकडात ओल मोजायचं मीटर बरोबर असतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचायचं, बाहेरून नाही. २० टक्क्यांच्या वर असेल तर ते लाकूड पुढच्या वर्षीचं. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक यांवर आम्ही वाद घालत नाही, सरळ सांगतो की हे जाळणार असाल तर आम्हाला बोलावू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर आम्ही शेगडीबरोबरच देतो, ऐच्छिक म्हणून नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धोका आग भडकलेली असताना कमी आणि विझत आल्यावर जास्त. पाइप गार होतो, ओढ मंदावते, निखारे मात्र धुमसत असतात. नेमक्या त्याच वेळी ऊब जाऊ नये म्हणून कुणीतरी पाइपाची झडप मिटून झोपायला जातं. घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर ते पोटाचं दुखणं समजू नये. आधी बाहेर पडावं.

लाकडी भिंतीपासून ३६ इंच अंतर सोडायला लोक फार कुरकुरतात. खोली लहान, शेगडी कोपऱ्यात सरकवा म्हणतात. पण वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड आतून कोळशाकडे झुकत जातं आणि कमी आचेवर पेट घेतं. पाच वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ सहाव्या वर्षी होणार नाही असा नाही. अंतर कमी करायचंच असेल तर मध्ये हवेची फट ठेवून पत्र्याचा आडोसा बसवून देतो. राखेसाठी घट्ट झाकणाचा लोखंडी डबा देतो. तो घराबाहेर, फरशीवर ठेवायचा. राखेत गाडलेला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहतो.

आता कुणी शेगडी मागायला आलं की आम्ही आधी घर बघायला जातो. फॅन कुठे, खिडक्या किती घट्ट, छपराचा उतार कुठे, सगळं लिहून घेतो. मॅनोमीटर, म्हणजे दाबातला फरक दाखवणारं यंत्र, लावून ओढ मोजल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरत नाही. काही कामं नाकारतो. त्यातली काही दुसरीकडे जातात आणि वर्षभराने साफसफाईला आमच्याकडे येतात.

ती पहिली शेगडी आता आमच्याकडेच आहे. बाईंनी घर बदललं तेव्हा "तुमची लाडकी घेऊन जा" म्हणून फोन केला. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत ती लावली आहे आणि त्या खोलीला एक एक्झॉस्ट फॅनही बसवला आहे. नवीन माणूस कामाला आला की काका त्याला शेगडी पेटवायला सांगतात आणि बाहेरून हळूच फॅन सुरू करतात. कुणी गॅस्केट चाचपतं, कुणी पाइप ठोकून बघतं, एकाने तर वेल्डिंगचे जोड तपासायला घेतले. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने ठसका लागताच वर छताकडे बघितलं, मग उठून खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला छपरावर नेलं.